निर्दोष स्फटिक

जांभळा दिवा लावला आणि मी शाळकरी पोरीसारख्या टाळ्याच पिटल्या. "पाहिलंस? एक ठिपका गेला!"

भट्टीमास्तरनं पडद्याला नाक लावलं. प्रयोगशाळेची भट्टी तोच सांभाळतो, म्हणून हे नाव. "खरंच की, ताई! आता पार्टी हवी."

नखाएवढा अर्धवाहक स्फटिक. आत अणूंच्या रांगेत एखादी जागा रिकामी राहिली, की या उजेडात तिथे हिरवा ठिपका चमकतो. तापवून सावकाश निवू दिला, की अणू सरकून जागा भरतात आणि ठिपका विझतो. एकही ठिपका नसलेला स्फटिक आजवर आमच्या हाती लागला नव्हता. या वेळी लागणार, असं दिसत होतं. माझा आनंद पोटात मावेना.

घरी ठकीची, माझ्या लेकीची, वेणी घालताना हात थांबला. कानामागचा तीळ नव्हता.

"खरवडलास की काय गं?"

"आई, तीळ कुणी खरवडतं का!" ती फिदीफिदी हसली. मीही हसले.

पुढच्या तापवणीत कडेच्या ठिपक्यांची जोडगोळी गेली. भट्टीमास्तर नाचायचाच काय तो बाकी होता. त्या संध्याकाळी ठकीच्या मनगटावरचे जुळे तीळ दिसेनात. तिचा हात दिव्याशी धरला. कातडी नितळ होती, जरा जास्तच. हातापलीकडची चादरीवरची फुलं अंधूक दिसल्यासारखी वाटली. डोळे शिणलेत, म्हटलं.

सुट्टीच्या सकाळी चहा पिता पिता फोनवर स्फटिकाचं चित्र उघडलं. कितीदा पाहिलं तरी मन भरत नव्हतं. वर तीन ठिपके, मधोमध एक, खाली वाकडी रांग.

हे तर ठकीच्या पाठीवरचे तीळ. ती पाठ मी रोज चोळून धुते.

कप बाजूला सारला. मी भट्टीमास्तरला फोन लावला. "आता तापवू नकोस! ऐकतोयस ना?"

"अहो ताई, मला कुठला धीर! सगळं उरकलंसुद्धा. अभिनंदन! एकही ठिपका नाही!" मग तो गोंधळून हसला. "एकच गंमत झालीये. तबकात तो दिसतच नाही. बोटाला मात्र लागतोय, बरं का."

ठकी मागे टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. मान वळवायचा धीर होईना.

"ठके?"

"ओ!"

मी वळले.

रिकाम्या खुर्चीपुढे रंगाची पेन्सिल कागदावर तिरपी थांबली.

"अगं आई, तिकडे कुठे बघतेस?"