डिंक नसलेला काळा रंग

सुरुवात माशाने केली. मासा अंबादासच्या शर्टावर येऊन बसला, नेमका खिशापाशी, आणि विभावरीला हसू आवरेना.

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाई सुरू झाली आणि जबलपूरला रात्री दिवे झाकायचा हुकूम आला. घमापूरच्या प्राथमिक शाळेत संध्याकाळी बायका जवानांसाठी स्वेटर विणायच्या, म्हणून खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवल्या होत्या. नेमकं त्याच आठवड्यात विभावरीने तिसरीच्या मुलांना खरवडचित्र शिकवलं. कागदावर मेणखडूचे रंग घासायचे, वर काळा रंग फासायचा, मग बोथट काडीने खरवडून आतले रंग बाहेर काढायचे. मुलांना काय, काळं दिसलं की खरवडलं! काचांवर मासे, पतंग, एक मिशीवाला सूर्य... आणि त्यांतून आलेलं ऊन थेट काचा तपासायला आलेल्या स्वयंसेवकाच्या छातीवर.

"हे काय करून राहिल्या, बाई?"

"मी नाही जी... तिसरीनं केलं."

"अच्छा! मग तिसरीला सांगा, मासा छान आहे. पण वरून विमानवाल्यालाही छानच दिसेल."

अंबादास फॅक्टरीत फिटर. ड्यूटी सुटली की तो असा शाळा-दुकानं तपासत हिंडायचा. त्याने बादलीत रंग कालवला आणि काचा पुन्हा रंगवल्या. रंगवताना तो खिडकीकडे कमी नि खोलीत जास्त पाहत होता. विभावरीला ते कळत होतं; न कळण्याइतकी ती भोळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रंगाचे पोपडे. तो आला, रंगवून गेला. पुन्हा पोपडे, पुन्हा तो — या खेपेला हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा, म्हणे मुलांसाठी.

मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंचा मात्र पारा चढला. "पोरं रोज खरवडून राहिली. उद्या एक जरी काच उघडी दिसली तर चित्रकलेचा तास बंद!"

हा तास मिळवायला विभावरीने वर्षभर त्यांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. त्या दिवशी विणणाऱ्या बायका गेल्यावर तिने वर्गाला स्वतः कुलूप लावलं. तरी सकाळी काचा उघड्याच! सत्यवतीबाई आल्या, पाहिलं, आणि वेळापत्रकातला चित्रकलेचा तास खोडून गेल्या.

विभावरीने काचेवर बोट फिरवलं. नुसती काजळी हाताला आली. रंगात डिंकच नव्हता; वाळला की गळणारच. हे तिसरीतलं पोर सांगेल!

दुपारी बादली घेऊन तो आला.

"अंबादासजी, रंगात डिंक काहून नाही टाकला?"

तो गोरामोरा झाला. "टाकला असता तर... दुसऱ्या दिवशी यायला कारण काय होतं?"

तिला गोड वाटलं, अगदी गोड वाटलं. आणि म्हणूनच जास्त राग आला.

"आणि उजेड बाहेर गेला असता म्हणजे?"

"संध्याकाळी मी स्वतः खिडक्यांवर बाहेरून कांबळी टांगत होतो, बाई. एक कण नाही गेला बाहेर."

"आणि माझा तास? तुमच्या गमतीपायी आज तो बंद झाला!"

त्याचं हसू मावळलं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. बादली तिथेच ठेवून तो तडक सत्यवतीबाईंच्या खोलीत शिरला. विभावरी मागोमाग धावली आणि दारात थबकली.

"मुलांची चूक नाही, बाईंची तर मुळीच नाही," तो सांगत होता. "रंग मी कच्चा कालवला. मुद्दाम."

"काहून?"

"यांना रोज पाहता यावं म्हणून जी. मला या... मला या फार आवडतात. तास बंद करू नका. माझं येणं बंद करा."

सत्यवतीबाईंनी चष्मा काढून सावकाश पुसला. "चलो, तास सुरू राहील. तुम्ही आजच काचा पक्क्या रंगवा. उद्यापासून या शाळेत पाऊल टाकायचं नाही."

मान खाली घालून तो निघाला. दारात विभावरी उभीच — बाजूला होईना.

"शाळेत नाही म्हणाल्या त्या," ती हळूच बोलली. "आमचं घर गढ्याला आहे. रविवारी अण्णा घरीच असतात... माझे वडील."

"आणि तुम्ही?"

"मी?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दार मीच उघडते."