चाळीस जोड्या

लिप्निकीच्या महालात, आताच्या संग्रहालयात, दिवसाचं शेवटचं काम म्हणजे सपाता मोजणं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड, राखाडी, पट्टा बांधायच्या सपाता. पाहुणा कितीही मोठा असो, बुटांवर त्या चढवल्याशिवाय रेगिना त्याला उंबरठा ओलांडू द्यायची नाही. चौदा दालनांची ओकच्या लाकडाची जमीन, दोनशे वर्षांपूर्वीची. त्यातली बावीस वर्षं ती रेगिनाने जपली होती.

"बाई, यांत मी अगदी अस्वल दिसतोय हो," दुपारी एक ढेरपोटे गृहस्थ कुरकुरले होते.

"दिसा की! नखं नाही ना लागणार माझ्या लाकडाला?"

त्यांची बायकोच सगळ्यांत मोठ्याने हसली होती. रेगिनाची जीभ अशी तिखट, त्यामुळे सहसा कुणी तिच्या वाटेला जायचं नाही.

जोड्या चाळीस. तिची स्वतःची निळ्या पट्ट्याची, ती वेगळी. नियम साधा: टोपलीत चाळीस परत आल्या, की सगळी माणसं बाहेर गेली. एक जरी कमी भरली, तर कुणीतरी आत आहे. मग विजेरी घेऊन सगळ्या दालनांतून फेरी मारायची. नंतर वहीत आकडा, सही, आणि त्या आकड्यावर रखवालदाराने बागेकडच्या काचेच्या दाराला आतून कडी घालायची. आता रखवालदार नव्हता. कडीही तीच घालायची.

नोव्हेंबरची दोन तारीख होती, मृतांचा दिवस. कालपासून गावातली माणसं कबरींवर दिवे लावत होती. साडेचारलाच अंधारून आलं, आणि धुकं एवढं दाट की दारापुढच्या चार पांढऱ्या खांबांतले दोनच दिसत होते. त्या धुक्यातून झेनोन आला आणि टोपी काढून उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. हातात काचेचा लाल दिवा होता. जानेवारीपर्यंत इथला रखवालदार तोच होता.

"आत ये की."

"नको. एकच विचारायचंय." त्याचा आवाज बसला होता. "चर्चमध्ये घंटेला माणूस हवाय. पाद्रीबाबा म्हणतात, म्हातारीला थंडीत मारणारा माणूस कसा ठेवू? गावात कुणी मला रामराम घालत नाही, रेगिना. पोटची पोरगी बोलत नाही. तू त्या दिवशी मोजल्या होत्यास ना? खरंच मोजल्या होत्यास?"

"किती वेळा तेच उगाळशील? वहीत लिहिलंय. चाळीस."

"वहीतलं मला पाठ आहे. मी तुला विचारतोय."

रेगिनाने उगाचच टोपली सरळ केली. "धुकं आत येतंय, झेनोन. दार लावू दे."

तो टोपी घालून बागेच्या वाटेने निघून गेला.

तिने मोजल्या नव्हत्या. जानेवारीत, उणे अठराच्या गारठ्यात, बस चुकेल म्हणून न मोजताच तिने 'चाळीस' लिहिलं होतं, आणि त्या आकड्यावर विसंबून झेनोनने कडी घातली होती. कोर्नेलियाबाई नावाची एक निवृत्त शिक्षिका त्या दिवशी आली होती. झाडांवर फार जीव तिचा. बागेतल्या दगडी ओट्याजवळच्या जुन्या लिंडनच्या झाडाला नुसता हात लावून येते म्हणून ती सपातांसकटच बाहेर गेली होती. सकाळी ती काचेच्या दाराच्या पायरीवर गोठून मेलेली सापडली. पोलीस यायच्या आत रेगिनाने कोठीतली एक टाकाऊ जोडी, काळ्या दोऱ्याने शिवलेली, टोपलीत टाकून चाळीसचा आकडा भरून काढला. चौकशीत ठरलं: महालाच्या चाळीस जागेवर आहेत, बाईच्या पायातली, पोलिसांनी पुरावा म्हणून नेलेली जोडी कुठलीतरी जुनी असेल, झेनोननेच बाहेर न बघता दार लावलं. त्याची नोकरी गेली, बागेतलं घर गेलं. रेगिना गप्प राहिली. मन मात्र तिला खात राहायचं, आणि तेव्हापासून रोज ती सपाता दोनदा मोजायची.

आज तिने मोजल्या. एकोणचाळीस.

पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस.

घड्याळात पावणेपाच. पाचची बस. तिने वही ओढली, 'चा' असं लिहिलं, आणि तिचा हात थांबला. शी! पुन्हा तेच? तिने लेखणी ठेवली आणि विजेरी उचलली.

दालनांची दारं एका रेषेत होती, एकातून पुढचं दिसणारी. मेणाचा आणि जुन्या पडद्यांचा वास अंधारात जास्तच दाट झाला होता. तिच्या सपाता लाकडावर घासत होत्या... सर्र, सर्र. चौथ्या दालनात ती थांबली. घासण्याचा आवाज जरा उशिरा थांबला.

"कोण आहे?... वेळ संपली हो, बाहेर चला..."

नाचाच्या दालनात पोचेपर्यंत तिने दोनदा मागे वळून पाहिलं होतं. तिथेच बागेकडचं काचेचं दार. आणि काचेवर कुणीतरी हळूच तळहात मारत होतं. थप... थप... आवाज खालून येत होता, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. तिथेच काचेवर बाहेरून श्वासाची वाफ धरली होती.

पळावं असं तिला वाटलं. खूप वाटलं. पण या दाराबाहेर एक माणूस एकदा रात्रभर बसलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने दार उघडलं, एक पाऊल बाहेर टाकलं.

पायरी रिकामी होती. गारठा मात्र नोव्हेंबरचा नव्हता. श्वास नाकातच गोठत होता.

मागे दार मिटलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

आणि मग दूर आतून, टोपली होती त्या पुढच्या दिवाणखान्याकडून, कुणीतरी मोजायला लागलं. आवाज तिचाच होता, घाईतला, बस गाठायची असल्यासारखा. "...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. झालं!" दालनांतून दिसणारा पिवळा उजेड विझला.

"अगं, मी बाहेर आहे!" रेगिना काचेवर तळहात आपटू लागली. "नीट मोज... नीट मोज गं!"

किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या खांद्यावर हात पडला तेव्हा तिच्या तोंडून किंकाळीसुद्धा फुटली नाही. झेनोन होता. मागे पायरीच्या कडेला त्याचा लाल दिवा जळत होता.

"दिवा ठेवायला आलो होतो. इथेच गेली ना बिचारी... तू काय करतेस इथे?"

"मी मोजल्या नव्हत्या," ती म्हणाली. "झेनोन, मी मोजल्याच नव्हत्या. नंतर खोटी जोडी टाकली टोपलीत."

त्याने तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"दहा महिने," तो म्हणाला. "दहा महिने, बये, मी स्वतःला विचारतोय की मला ती दिसली कशी नाही." त्याने डोळे पुसले. "चल. लिही."

ते वळसा घालून पुढच्या दाराने आत गेले. दिवाणखान्यातला दिवा ती ठेवून गेली तसाच जळत होता. रेगिनाने जानेवारीचं पान काढलं, 'चाळीस' खोडलं, आणि लिहिलं: मोजल्या नव्हत्या. झेनोनचा दोष नाही. खाली सही केली. त्याने ते दोनदा वाचलं.

"आता आजच्या," तो म्हणाला, आणि जुन्या सवयीने स्वतःच टोपलीपाशी बसला. "...अडतीस, एकोणचाळीस... चाळीस. बरोबर तर आहेत की."

"एक कमी होती."

"ही बघ ना, तळाशी."

त्याने ती जोडी वर काढली आणि लगेच खाली टाकली. नमदा बर्फाने कडक झाला होता. पट्ट्याला सुतळीने पोलिसांची चिठ्ठी बांधलेली होती, जानेवारीची तारीख घातलेली. काळ्या दोऱ्याची कोठीतली जोडी टोपलीत कुठेच नव्हती.

मग झेनोनने बोट दाखवलं. नाचाच्या दालनाकडून टोपलीपर्यंत ओली पावलं आली होती, सपातांची. आणि टोपलीपासून परत आतच गेली होती, अनवाणी.

"आकडा पूर्ण आहे, रेगिना," तो कुजबुजला. "कुलूप घाल... चल इथून."

"मागच्या वेळीही पूर्ण होता," ती म्हणाली.

तिने वहीतला अर्धवट 'चा' खोडला आणि विजेरी पेटवली. तेवढ्यात नाचाच्या दालनातून काचेवर थाप पडली, हळूच, खालून. कडी आतूनच होती, आणि या वेळी थापही आतूनच येत होती.