डाव्या बाजूने चालणारा

परांचीवरून उतरताना शेवटच्या पायरीवर जग फिरलं. खिडक्या डावीकडे सरकायला लागल्या, फरशी हलके हलके वर आली... आणि मी हाताला लागलं ते घट्ट धरलं. ती कुणाच्या तरी शर्टाची बाही निघाली.

"सोडू नका," मी डोळे मिटूनच म्हणाले.

"मी धरलेलंच नाही," बाहीचा मालक म्हणाला. "तुम्ही धरलंय. आणि माझ्या खांद्यावर फळी आहे, तेव्हा पडायचंच असेल तर जरा सावकाश पडा."

चक्कर येत असताना हसू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लहान मुलांच्या वाचनालयाचं ते नवं दालन होतं. मी छतावर आकाश रंगवत होते – एका टोकाला पहाट, दुसऱ्या टोकाला चांदणं. तो सुतार होता. मुलांचे हात पोचतील अशी बुटकी कपाटं बनवायला आदल्याच दिवशी आला होता. लाकडाचा भुसा त्याच्या पापण्यांवरसुद्धा बसलेला असायचा.

"सकाळपासून काही खाल्लं नाही का?" त्याने खिशातून बिस्किटांचा पुडा काढला.

"नाही ना, राहूनच गेलं," मी खोटं बोलले. पोटभर खाऊन आले होते.

पण दोन-चार दिवसांत पुन्हा तेच झालं आणि या वेळी डोकंही धरलं. अर्ध्या बाजूने ठणके, उजेड टोचायला लागला. मी कपाटाच्या सांगाड्याला टेकून खाली बसले. तो शेजारी येऊन बसला. मग मीच सांगून टाकलं.

"कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नाजूक यंत्रणा असते. माझी बिघडली आहे. आधी गरगरतं, मग कानात गुंजायला लागतं आणि मग हे डोकं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, व्यायाम दिलेत. झोप आणि जेवण वेळेवर, मीठ कमी. बरं वाटेल म्हणाले, पण घाई करू नका म्हणाले."

"आणि मान वर करून छत रंगवा, असंही म्हणाले?"

"ते... मी त्यांना विचारलेलं नाही."

तो हळूच हसला. चकरा येणाऱ्या बाईला परांचीवरचं काम कोण देईल, या भीतीने मी ही गोष्ट इथे सगळ्यांपासून लपवली होती. सांगितलं असतं तर कुणी घाबरलं असतं, कुणी लिंबू-आल्याचे उपाय सुचवले असते. त्याने फक्त विचारलं, "आत्ता काय केलं तर बरं वाटेल?"

"खिडकी," मी म्हणाले.

तो उठला आणि रंगाचे डाग पडलेली माझी चादर खिडकीवर टांगून आला. दालनात निळसर, मऊ अंधार पसरला.

त्यानंतर माझे व्यायाम आमचे झाले. कसे, ते सांगता येणार नाही. त्याने भिंतीवर पेन्सिलीने एक ठिपका काढून दिला. नजर त्या ठिपक्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. मग लांब व्हरांड्यातून चालायचं, मान वळवत वळवत. माझा तोल नेहमी डावीकडे जायचा, म्हणून तो डाव्या बाजूने चालायचा. मी दर थोड्या वेळाने त्याच्या दंडावर जाऊन आदळायचे.

"आत्ताची चक्कर खरी होती की मुद्दाम?" एकदा त्याने विचारलं.

"कोणती?"

"ही. आधीच्या ओळखू येतात. त्यात तुम्ही श्वास रोखता. या वेळी रोखला नाहीत."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कान लाल झाले होते, आणि त्यात कानाच्या आजाराचा काही दोष नव्हता.

छत जवळजवळ पूर्ण होत आलं. राहिला फक्त चांदण्याचा कोपरा, नेमका डोक्याच्या वर. त्याच्यासाठी मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. उद्घाटन तोंडावर आलं होतं. एका दुपारी तो लाकूड आणायला गेलेला असताना मी एकटीच वर चढले. दोन चांदण्या रंगवल्या. तिसरीला हात लावला आणि सगळं आकाश भोवऱ्यासारखं फिरलं.

मी फळ्यांवर आडवी झाले. कठडा धरून ठेवला. खाली बघायची हिंमत नव्हती, डोळे उघडायचीही नव्हती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दार वाजलं.

"वर आहात?" त्याचा आवाज बदलला होता.

"हो."

"येऊ?"

"या... पण बोलू नका."

तो इतका सावकाश चढला की परांची जराही हलली नाही. माझ्या शेजारी तोही आडवा झाला. माझ्या मुठीतला कठडा त्याने सोडवला आणि त्या जागी आपला हात दिला. वर अर्धवट रंगवलेलं आकाश, खाली कपाटांचा ताज्या लाकडाचा वास. गरगर हळूहळू उतरत गेली. हात मात्र मी सोडला नाही.

खाली आल्यावर तो चिडला. "मी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं?"

"तुम्ही 'चढू नका' म्हणाला असता."

"नसतो म्हणालो. खाली उभा राहिलो असतो." तो फळ्यांकडे वळला. "पडला असतात तर..."

त्या संध्याकाळी माझी ताई आली. फोनवरच्या माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं. तिने मला बघितलं, परांची बघितली आणि ठरवून टाकलं, "पुरे झालं. उद्या माझ्याबरोबर घरी चल." मग तिची नजर त्याच्यावर गेली. "हे कोण?"

"कपाटं करतो," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि यांच्या डाव्या बाजूने चालतो."

ताईने भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश धुण्यात गढून गेले.

पण तिचं म्हणणं रात्रभर डोक्यात राहिलं. वर चढायचं नाही, हे खरं होतं. काम सोडायचं, हे मात्र मला पटत नव्हतं. सकाळी मी त्याला विचारलं, "तो कोपरा मला खाली आणून द्याल? पातळ फळ्यांवर, भिंतीला उभ्या करून. मी माझ्या नजरेसमोर रंगवीन, मग तुम्ही वर बसवा."

त्याने कानामागची पेन्सिल काढली. "मापं घेतो."

मी स्टुलावर बसून चांदणं रंगवलं. मध्ये मध्ये डोळे मिटून घेत, पाणी पीत, कुणाला न लाजता. ताई दोन दिवस थांबली आणि एकटीच परत गेली. निघताना त्याला म्हणाली, "मिठाचं बघा, ही लोणची चोरून खाते."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच गरगरायला लागलं आणि मागोमाग डोकं. मी जाऊ शकले नाही. पडदे ओढून, उशीत तोंड खुपसून पडून राहिले. बाहेर ऊन होतं, मुलं माझ्या आकाशाखाली असतील... मी रडलेसुद्धा, पण रडल्यानेही डोकं दुखतं.

दुपार कलल्यावर दारावर बोटाच्या पेराने कुणीतरी टकटक केलं. तो होता. चपला हातात घेऊन आत आला, पलंगाशेजारी जमिनीवर बसला.

"मुलं आडवी झाली," तो कुजबुजला. "पुस्तकं घेऊन सरळ फरशीवर. एक मुलगी चांदण्या मोजत होती. मोजताना झोपली."

मी अंधारातच हसले. "आणखी सांगा. पण हळू... आवाज लागतो."

"याहून हळू बोललो तर ऐकू येणार नाही."

"मग जवळ या."

तो सरकला. त्याच्या केसांना वार्निशचा वास येत होता.

"हे असं होत राहणार," मी म्हणाले. "कधी कमी, कधी जास्त. ठरलेल्या दिवशीच मी आडवी असणार. विचार करा."

"केला. चालत येताना तेवढाच केला."

"मग?"

"मला तू आवडतेस," तो म्हणाला, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला तो नुसता श्वास वाटला असता.

माझ्या आजारी कानांना ते नीट ऐकू आलं. तरी मी म्हणाले, "पुन्हा सांग."