अम्मा गाडीत, आम्ही गाडीखाली

"ए मल्ली, जीव प्यारा असेल तर बाहेर ये! जॅक विटेवर ठेवलायस!"

मल्ली म्हणजे सिंहलीत धाकटा भाऊ; कुठल्याही पोराला अशीच हाक मारतात. श्रीलंकेतल्या मातऱ्यात, आमच्या अंगणात, वडिलांच्या जुनाट मॉरिसखालून मी संतापून बाहेर सरकले. माझी वेणी दिसली आणि हाक मारणारा तरुण कानापर्यंत लाल झाला.

"मला वाटलं, कुणी मुलगा…"

"का? मुलींना बुश बदलता येत नाहीत?"

"येतात की! पण जिवंत राहून बदललेले बरे."

हा तिसर, समोरच्या घरातला नवा भाडेकरू. हसला की एकाच गालावर खळी पडायची — आणि माझ्या हातातला पाना नेमका तेव्हाच पायावर पडला.

मग दर रविवारी चाकांच्या सांध्यातला एक रबरी बुश. झिजलेलं रबर ठोकून काढायचं, नवं साबणाच्या पाण्यानं सरकवायचं, मधे अम्माचा कोरा चहा आणि गुळाचा खडा.

"बोल्ट नुसता अडकव," तो बजावायचा. "चाकं टेकली, गाडीत वजन पडलं, की मगच आवळायचा. हवेत आवळलास तर रबर पिळून बसतं, लवकर फाटतं."

वजन म्हणून आम्ही अम्माला पुढच्या सीटवर बसवायचो. ती मजेत भाजी निवडत बसायची.

शेवटच्या बुशाचा रविवार आला आणि माझं जेवणावरून मन उडालं. हा बसला की तिसरला आमच्याकडे यायला कारणच उरणार नव्हतं! तो हात धुवायला गेला, तेवढ्यात चाक लटकत असतानाच मी दात-ओठ खाऊन बोल्ट आवळून टाकला.

गाडी जॅकवरून चाकांखाली रचलेल्या फळ्यांवर उतरली, अम्मा आत बसली, आम्ही दोघं खाली सरपटलो.

"ओषदी… हा आवळलेला आहे. हवेतच. विसरलीस?"

"नाही."

"मग?"

"रबर फाटलं असतं… तुम्हाला परत यावं लागलं असतं… अय्या."

आमच्याकडे थोरल्या भावालाही अय्या म्हणतात आणि मनातल्या माणसालाही. कुठला अय्या, ते आवाजावरून कळतं. माझा आवाज फितूर झाला होता.

त्यानं पाना उचलला. बोल्ट सैल केला, पुन्हा नीट आवळला. मला रडूच फुटायला आलं.

"आता हा कित्येक वर्षं फाटत नाही," तो म्हणाला.

"बरं."

"तेवढं थांबणं मला जमायचं नाही. उद्या माझ्या आईला घेऊन येतो… चालेल?"

मी जोरात मान हलवली आणि नाकाला ग्रीस फासून घेतलं.

"चालेल!" गाडीच्या गंजक्या तळातून अम्माचा आवाज आला. "पण आधी मला उतरवा! दार आतून उघडत नाही!"

तिसरनं माझा काळाकुट्ट हात हातात घेतला.

"थोडं बसा हो अम्मा," तो म्हणाला, "अजून वजन लागतंय."