तिसरा हात

स्कॅन वाचताना मी पेशंटचं नाव आधी बघत नाही. नाव कळलं की माणूस दिसायला लागतो आणि आतडं बघायचं राहून जातं. पडद्यावर पोट येतं, मी बोलत जाते, शेजारच्या टेबलावर टायपिस्टबाई टाइप करतात आणि नाव सगळ्यांत शेवटी घालतो. सतरा वर्षं असंच चाललंय.

मंगळवारी सकाळी पहिलंच पोट वाईट निघालं. शिरेतून औषध देऊन स्कॅन काढला की जिवंत आतड्याची भिंत पांढरी उजळते. इथे आठ-दहा फूट आतडं करडंच राहिलं होतं, भिंतीत हवेचे बुडबुडे. तिथवर रक्तच पोचलं नव्हतं. मी सांगत गेले. लहान आतडं मृत. पित्ताशय पूर्वी काढलेलं, त्या जागी ऑपरेशनच्या धातूच्या पाच क्लिपा.

वर आणखी एक घोळ. पेशंटचे दोन्ही हात अंगालगत होते आणि पोटावर तिसराच हात होता. त्याच्या बोटातल्या अंगठीच्या धातूनं उमटलेल्या रेघांनी निम्मं चित्र खराब झालेलं.

"लिहा, नातेवाइकाचा हात चित्रात आला आहे," मी वैतागून म्हटलं.

नाव घालायला वर बघितलं, तर जागा रिकामी. मी टेक्निशियनला फोन लावून झापलं. नातेवाइकांना आत बसवून संमेलन भरवतोस का, मी म्हणाले.

"मॅडम, मशीन आत्ता चालू केलंय," तो म्हणाला. "आज अजून एकही पेशंट घेतला नाही."

मी पडद्याकडे वळले. पोट गेलं होतं, पेशंटांची यादीही कोरी होती. छापलेला कागद मात्र ट्रेमध्ये पडला होता. बाईंनी तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

दुपारी दादा आला. माझा सख्खा मोठा भाऊ. दोन तासांपासून पोटात कळा येत होत्या. सर्जननी पोट दाबून पाहिलं, तर मऊ. दादा मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता.

"ठमे, घाल बाई एकदाचं तुझ्या त्या टायरमध्ये," तो म्हणाला. एवढं दुखत असतानाही चेष्टा सुटत नव्हती.

स्कॅन स्वच्छ आला. रक्तवाहिन्या मोकळ्या, आतडं शेवटपर्यंत पांढरं. दोन्ही हात नियमाप्रमाणे डोक्याच्या वर. पित्ताशयाच्या जागी क्लिपा दिसल्या. मी मोजल्या. पाच होत्या.

"काही शंका?" सर्जननी विचारलं. "असेल तर आत्ता पोट उघडून बघतो. हे दुखणं मला पटत नाहीये."

एक शब्द पुरला असता. पण सांगणार काय होते? कुणी काढलाच नाही असा स्कॅन सकाळी वाचला म्हणून? ते हसले असते, आणि माझ्या कामाला कुणी हसलेलं मला खपत नाही.

"नॉर्मल आहे," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता त्याला परत आणलं. चेहरा राखेसारखा झाला होता. हात वर उचलवत नव्हते, म्हणून टेक्निशियननं ते अंगालगतच ठेवले.

"ठमे, जाऊ नकोस."

मी शिशाचा एप्रन चढवला आणि थांबले. टेबल आत सरकायला लागलं. दादा तळमळत होता. हलला असता तर चित्र हललं असतं, म्हणून मी त्याच्या पोटावर हात ठेवला.

ठेवल्यावर आठवलं.

अंगठी बोटातच होती. मी हात काढला नाही. भीतीही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

खोलीत येऊन पडद्यासमोर बसले. करडं आतडं. बुडबुडे. मी सवयीनं बोलायला लागले.

तिसऱ्या वाक्याला बाईंचं टाइप करणं थांबलं. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि कालचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"हे तर झालेलंच आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "फक्त नाव राहिलंय. काय घालू?"