इंजिनच्या तळाचा बोल्ट

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा धाकटा मामा. तो थापा मारणाऱ्यांतला नाही. उलट त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर आपल्यालाच घाम फुटतो.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

रविवार होता. भर दुपारचे पावणेतीन. गॅरेजचं शटर अर्धं खाली, पत्रा तापलेला, आत मामा एकटा.

मामाचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं मिळून ते गॅरेज. थोरल्याला सगळे दादा म्हणतात, मीसुद्धा. दोघांचा एक नियम होता. ज्याने बोल्ट आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाची एक रेघ मारायची. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. शिवाय काम कुणाचं यावरून वाद नको. दादाची रेघ तांबडी, मामाची पांढरी.

मामाचा एक जिगरी दोस्त होता, पोस्टमन. जुनी, जड मोटारसायकल होती त्याची. मामाशिवाय कुणालाही तिला हात लावू द्यायचा नाही. काम चालू असताना तो उभ्या गाडीवरच बसून राहायचा. नखाने टाकीवर टकटक करत विचारायचा, "झालं का रे, की इथेच म्हातारा होऊ?"

अकरा वर्षांपूर्वी मामाने त्याच्या गाडीचं ऑइल बदललं. संध्याकाळी वळणावर गाडी घसरली. पोस्टमन जागच्या जागी गेला.

इंजिनच्या तळाला जुनं ऑइल काढायचा एक बोल्ट असतो. तो सैल झाला होता. सगळं ऑइल मागच्या टायरवर सांडलं होतं.

आणि बोल्टवर रेघ होती पांढरी.

कुणी विचारायची गरजच उरली नाही. पोस्टमनच्या बायकोने भर रस्त्यात मामाला नको नको ते सुनावलं. मामाने मान खाली घालून ऐकून घेतलं, ती त्या रविवारपर्यंत वर केली नव्हती. त्याने गाडी चालवणं सोडलं. गॅरेजची पाटी दादाच्या एकट्याच्या नावावर झाली. स्वतःच्याच दुकानात मामा गड्यासारखा राबायला लागला. रोज शटर ओढताना दादा गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "आवळलंस ना रे नीट?"

रोज.

त्या रविवारी सकाळी पोस्टमनची मुलगी तीच गाडी ढकलत घेऊन आली. आता ती नोकरीला लागली होती. गाडी अकरा वर्षं घरामागच्या शेडमध्ये पडून होती. अपघातानंतर कुणीतरी तो बोल्ट हातानेच फिरवून परत बसवला होता, तेवढंच.

"काका, ऑइल ओतते तेवढं गळतंय," ती म्हणाली. "आईने बजावलंय, त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. पण बाबा तुमच्याकडेच आणायचे ना? मग मी दुसरीकडे का नेऊ?"

"पाच वाजता ये," एवढंच मामा म्हणाला.

गळती शोधायची मामाची एक पद्धत आहे. इंजिन रॉकेलने धुवायचं, खडखडीत पुसायचं, वरून अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवायची आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. जिथून ऑइल झिरपतं तिथे पावडर ओली होते.

मामाने तसंच केलं. इंजिन बंद केलं. टॉर्च मारून बघितलं.

वरचं झाकण कोरडं. पॅकिंग कोरडं. सील कोरडं.

खाली ट्रेमध्ये मात्र टप… टप… चालूच होतं.

मामा सगळीकडे बघत होता, एक तळाचा बोल्ट सोडून. तिकडे नजर जातच नव्हती. जाऊ देत नव्हता, असं म्हणा ना.

तेवढ्यात…

कर्र.

सीटखालची स्प्रिंग दबली.

मामा जमिनीवर उकिडवा बसला होता. गाडी स्टँडवर होती. जवळपास कुणीही नव्हतं.

मामाने मान वर केली नाही. "जुनी स्प्रिंग आहे," तो स्वतःशीच बोलला.

मग…

टक. टक.

टाकीवर. नखाने.

मामाच्या हातातली टॉर्च खाली पडली. ती उचलताना त्याचं इंजिनकडे लक्ष गेलं. पावडरीत एक रेघ होती. वरून खाली, बोटाएवढी रुंद, स्वच्छ. मघाशी ती नव्हती.

मामाने स्वतःचे हात बघितले. कोपरापर्यंत काळे. त्याचं बोट लागलं असतं तर काळा डाग पडला असता.

त्याने पुन्हा पावडर मारली. रेघ बुजवली. कोपऱ्यात जाऊन घोटभर पाणी प्यायला.

परत आला तर…

रेघ पुन्हा तिथेच. या वेळी आणखी खाली गेलेली. इंजिनच्या पोटाला वळसा घालून थेट तळाच्या बोल्टपर्यंत.

"बघतो रे बाबा, बघतो," मामा रडवेला होऊन म्हणाला आणि गाडीखाली आडवा झाला.

बोल्टवर पांढरी रेघ होती. त्याचीच. त्याने पाना लावला, पण गरज पडली नाही. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला आणि हातात आला. आतले आटे झिजून सपाट झाले होते. बोल्टभोवती नळाला लावतात ती टेप गुंडाळलेली होती.

मामाने आयुष्यात कधी इंजिनच्या बोल्टला टेप लावली नव्हती.

आटे असे कधी जातात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पान्याला लांब पाइप घालून गरजेपेक्षा जास्त आवळलं की जातात. आणि "अजून अर्धा फेरा मार" म्हणत दुसऱ्याने आवळलेलं पुन्हा आवळायची खोड त्या गॅरेजमध्ये एकाच माणसाला होती.

मामाने पांढरा रंग नखाने खरवडला.

खाली तांबडा होता.

मामा मला म्हणाला, "भुताची भीती तिथल्या तिथे गेली. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून हा रोज मला विचारत होता, आवळलंस ना नीट?"

चारच्या सुमारास दादा आला. मामाने बोल्ट त्याच्यापुढे धरला.

दादाने एकदा बोल्टकडे बघितलं, एकदा मामाकडे. मग शटर आणखी थोडं खाली ओढलं.

"तू जेवायला गेला होतास," तो हळू म्हणाला. "मी एकदा ताण देऊन बघितला, तर आटे गेले. टेप मारून बसवला. वाटलं, उद्या नीट करू."

"अकरा वर्षं झाली, दादा."

"माझ्या पदरात दोन पोरी होत्या. तू सडाफटिंग. तुझ्यावर आलं तर निभावलं. माझ्यावर आलं असतं तर सगळेच रस्त्यावर आलो असतो. मी काही हौसेने केलं का?"

"आता ती पोरगी येईल," मामा म्हणाला. "तिला तू सांग. तुझ्या तोंडाने. बाकी मला काही नको."

दादाने मान डोलावली. मामाला खरंच वाटलं, सांगेल.

पाच वाजता मुलगी आली. "सापडलं का, काका?"

मामाने दादाकडे बघितलं.

दादा पुढे झाला. त्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनाच्या माणसासारखा म्हणाला, "तोच बोल्ट गं. ह्याच्या हातून तेव्हा राहून गेलं होतं. जाऊ दे बाळ, माणूस आहे, चुकतो."

एकदा फसवलं ते पाठीमागे होतं. हे तर समोरासमोर, खांद्यावर हात ठेवून.

आणि तेव्हाच…

कर्र.

या वेळी आवाज उलटा होता. दबलेली स्प्रिंग सुटून वर आल्याचा. कुणीतरी गाडीवरून उतरल्याचा.

दादाने दचकून मागे बघितलं. तो वळल्यावर मुलीला त्याची पाठ दिसली.

"काका… तुमच्या पाठीवर काय आहे?"

दादाच्या गडद शर्टावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पांढऱ्या पावडरीचा पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट. जोरात ढकलावं तसा.

मुलगी दारात उभी होती. मामाचे हात काळेच होते.

दादा शटरखालून वाकून जो बाहेर पडला, तो मागे वळलाच नाही. मग मामानेच सगळं सांगितलं आणि बोल्ट मुलीच्या हातात दिला. "हा मी आईला दाखवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिची आई स्वतः गॅरेजवर आली. मामापुढे हात जोडून उभी राहिली. मामा ढसाढसा रडला. मामाने इंजिनला मोठे आटे पाडून नवा बोल्ट बसवला. गळती थांबली, ती गाडी आजही धावते.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण महिन्याभरापूर्वी दादाने मला घरी बोलावलं. दोघे भाऊ आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मामाने दुसरीकडे स्वतःचं गॅरेज टाकलंय. दादा खंगला आहे. पाठ भिंतीला टेकवल्याशिवाय तो कुठे बसत नाही.

"सगळं कबूल," तो म्हणाला. "बोल्ट मी बिघडवला. तांबडी रेघ मी मारली. गप्प मी बसलो. पण पांढरा रंग मी लावला नाही रे. अपघातानंतर मी गाडी बघायला गेलो, तेव्हा बोल्ट पांढराच होता. मीच चक्रावलो. मनात आलं, सुटलो."

"मग कुणी लावला?"

"त्यालाच विचार. जेवून आल्यावर आपल्या कामावर माझा रंग बघून रागाने वरून त्यानेच पांढरा फासला असेल. बोल्ट तपासलाही नसेल."

मी हे मामाला सांगायला नको होतं. पण सांगून बसलो.

मामाच्या हातातलं काम थांबलं. त्याचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला. तो स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला.

"खोटं बोलतोय तो," शेवटी म्हणाला. "पुन्हा माझ्याच गळ्यात घालतोय."

मी हो म्हणालो.

मग त्याने मान वर केली आणि मला विचारलं, "मला आठवत नाही रे. मी लावला असेन का?"