चालकाचं झाकण

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्याच बाबतीत घडलंय, आणि यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

मागच्या वर्षीचा एक रविवार. रात्र नव्हे... भर दुपार. अडीच वाजले होते.

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर मापं पाठवतात, मी दात घडवून देतो. रविवारी मात्र माझा छंद. रिमोटवर चालणारी लष्करी वाहनं दुरुस्त करायची. आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली एक खोली आहे. खिडकी नाही. एकच दार, बाहेरच्या बाजूला उघडणारं. तिथे माझं टेबल.

त्या दिवशी टेबलावर एक रणगाडा होता. हातभर लांब. गल्लीतल्या एका काकूंनी, नवरा गेल्यावर सामान आवरताना, तो मला दिला होता.

दिसायला देखणा, पण चालायचा अगदी खेळण्यासारखा. बटण दाबलं की टुणकन पुढे, सोडलं की जागच्या जागी थांबणार. खरा रणगाडा असा चालत नाही. तो निघताना मागे दबतो, थांबताना नाक खाली घालतो. मला ते हवं होतं.

महिनाभर मी त्याच्यामागे होतो. प्लास्टिकचे गिअर काढून पोलादी बसवले. पट्टे धातूचे. प्रत्येक चाकाला स्प्रिंग. वेग हळूहळू वाढवणारं नवं सर्किट. बायको त्याला 'माझी सवत' म्हणायला लागली होती.

एकच कटकट उरली. पुढे, चालक बसतो तिथे वर, एक छोटं झाकण होतं. नखाएवढं. नव्या गिअरमुळे ते सारखं खडखडायचं. मी गोंदाचे दोन थेंब टाकले आणि दाबून धरलं.

खडखड थांबली.

रणगाडा जमिनीवर ठेवला. बटण दाबलं.

तो मागे दबला, हळूच निघाला, फरशीची फट ओलांडताना डुलला. थांबवला तेव्हा नाक खाली घालून सावरला. हुबेहूब! आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

मी रिमोट बंद केला.

आणि तेव्हा...

टक. टक. टक.

वाटलं, मोटर गार होतेय. तापलेला धातू वाजतो कधीकधी.

टक. टक. टक.

मी बॅटरी काढली. टेबलावर ठेवली. रणगाडा उचलून कानाशी धरला.

आवाज थांबला. मग आतून काहीतरी घासलं... पत्र्यावर नख घासावं तसं.

मी त्याला खाली ठेवलं. म्हटलं, वर जाऊन चहा घेऊ, मग बघू. दाराला हात लावला.

दार उघडेना.

कडी मी लावलेलीच नव्हती. तरी वर-खाली करून पाहिली. खांदा लावला. पलीकडून कुणीतरी अंग टाकून उभं असावं, तसं ते दार घट्ट होतं.

"अहो, कुणी आहे का? दार अडकलंय!"

वरच्या मजल्यावर टीव्ही चालू होता. लोक हसत होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. मला सगळं ऐकू येत होतं... माझं कुणालाच ऐकू जात नव्हतं. फोन वर, चार्जिंगला. बायको तिच्या बहिणीकडे.

मग खोली तापायला लागली.

डिझेलचा वास आला. माझ्या खोलीत डिझेलचा थेंबही नाही. घाम डोळ्यांत उतरत होता आणि श्वास पुरेनासा झाला.

मागे पट्ट्यांचा आवाज आला.

मी वळलो. बॅटरी टेबलावरच होती. रणगाडा मात्र चालत होता... मागे दबून, हळूच, डुलत. माझ्याकडे आला नाही. दाराकडे गेला. दाराला धडकला, मागे सरला, पुन्हा धडकला.

त्यालाही बाहेर पडायचं होतं.

आत ठोकणं आता थांबतच नव्हतं. टकटकटकटक... आणि मला ते झाकण आठवलं.

मी कवळ्या घासायचं ड्रिल उचललं, गुडघ्यावर बसलो. हात इतके ओले की ते दोनदा निसटलं. गोंद कापत गेलो. शेवटी चिमटा घालून झाकण उपसलं.

टक्... करून ते उघडलं.

आत काहीच नव्हतं. काळोख आणि दोन वायरी.

सगळं गप्प झालं. वास गेला. आणि दार एकदम बाहेर उघडलं.

दारात बायको उभी होती. पांढरीफटक. दाराची मूठ तिच्या हातात.

मी बाहेर कोसळलो. तिने मला पाणी पाजलं आणि हाताला धरून वर नेलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना गाठलं. "काका रणगाडा चालवायचे ना?"

"छे हो! ते फौजेत स्वयंपाकी होते. रणगाड्यात पाऊल ठेवलं नाही कधी."

"मग हा?"

"त्यांच्या एका मित्राने केलेला. तो होता चालक. ड्यूटीवर जाताना 'ठेव तुझ्याकडे, परत आलो की नेतो' म्हणाला." काकूंनी रणगाडा माझ्याकडे सरकवला. "आलाच नाही न्यायला. पुढचं ह्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

मी रणगाडा परत करायला नेला होता. त्यांनी घेतला नाही. तो आजही माझ्याकडे आहे.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने.

आठवड्याने बायकोने तोंड उघडलं. बहिणीकडून ती लवकर परतली होती. दहा मिनिटं दार ओढत होती, म्हणाली.

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारत होते रे. तुम्ही ऐकतच नव्हता."

"तुम्ही?"

"दोघं ओरडत होतात ना आतून. एक आवाज तुझा."

"आणि दुसरा? काय म्हणत होता तो?"

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

वर्ष झालं. मी तिला अनेकदा विचारलंय. चिडून विचारलं, हात जोडून विचारलं.

ती अजून सांगत नाही.